दोन झाकणं

"ही मला काहीतरी घालते," वन्संनी मेडिकलवाल्याला सांगितलं.

ओरडून नाही, रडून नाही. रस्त्यात कुणाला वेळ विचारावी इतक्या सरळ आवाजात सांगितलं. काउंटरपाशी उभी असलेली तीन-चार माणसं वळून बघू लागली. धाकटीचा हात पर्समध्ये होता, तो तिथेच राहिला.

मेडिकलवाला मुरलेला माणूस. त्याने हसून विषय टोलवला. म्हणाला, आजी, ताई तुमचं एवढं करतात, असं कसं बोलता.

"करते म्हणूनच सांगते," वन्सं म्हणाल्या. "परका कुणी कशाला घालेल? मला चारशे नंबर पाठ होते. आज हातातल्या घड्याळात किती वाजले ते कळत नाही. आपोआप होतं का असं?"

मेडिकलवाल्याने खोकल्याच्या लाल औषधाची नेहमीची बाटली कागदी पिशवीत घालून धाकटीपुढे सरकवली. तिने ती उचलली, दुसऱ्या हाताने वन्संचं कोपर धरलं आणि मान खाली घालून ती पायऱ्या उतरली. मागे कुणीतरी हळूच विचारलं, जागा म्हातारीच्या नावावर आहे ना? कुणीतरी हो म्हणालं.

वन्सं वाटभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा प्रयत्न करत होत्या. अक्षरं एकमेकांत घुसतात अशी त्यांची तक्रार होती.

धाकटी म्हणजे धाकटी सून. एकतीस वर्षांपूर्वी ती या दोन खोल्यांच्या घरात आली तेव्हा सासू, सासरे, थोरले दीर-जाऊ अशी माणसं होती आणि तिला धाकटी म्हणण्यात अर्थ होता. दीर-जाऊ परदेशी गेले ते गेलेच. सासू-सासरे गेले. नऊ वर्षांपूर्वी नवराही एका सकाळी दाढी करता करता खाली बसला आणि उठला नाही. नाव तेवढं राहिलं. छप्पन्न वर्षांच्या, केस पांढरे झालेल्या बाईला धाकटी म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं. ते म्हणजे तिची नणंद.

वन्सं अठ्ठ्याहत्तरच्या. लग्न केलं नाही. धाकटीच्या नवऱ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठ्या. त्याला त्यांनी कडेवर वाढवलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. या घरचा नंबर त्या घरी जोडून द्यायचा. शहरातल्या निम्म्या बायकांना आपल्या नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर ठाऊक नसे, तो वन्संना ठाऊक असे. कुठला नवरा ऑफिसातून दुसरीकडेच कुठे फोन करतो तेही ठाऊक असे. पण ते त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. घरात मात्र तोंडाला लगाम नव्हता. धाकटीच्या हातचा चहा त्यांनी एकतीस वर्षं रोज घेतला आणि एकतीस वर्षं रोज त्याला नाव ठेवलं. दोघींचं फार गूळपीठ नव्हतं, पण वैरही नव्हतं. एका घाण्याला जुंपलेल्या दोन बैलांचं असतं तसं काहीतरी होतं. नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी वन्संनी तिला एवढंच सांगितलं होतं की, हे घर तुझं आहे, जायचा विचार मनात आणू नकोस.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे काचेच्या कपाटातून फ्रेमा विकायच्या ते मालकाचं काम. मागच्या बोळासारख्या खोलीत बसून, पाण्याखाली फिरणाऱ्या दगडाच्या चाकावर काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं. काचेवर पेनाने ठिपका द्यायचा, तो डोळ्याच्या बुबुळासमोर आला पाहिजे. तिरका नंबर असेल तर कोन चुकता कामा नये. केसभर चुकला तर घालणाऱ्याला पायऱ्या वाकड्या दिसतात. बावीस वर्षांत तिच्या हातून परत आलेले चष्मे बोटांवर मोजण्याइतके होते. याचा तिला अभिमान होता, आणि तिच्याजवळ अभिमान धरण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं.

खोकला सुरू झाला तो थंडी सरता सरता. कोरडा, खणखणीत, थांबता थांबेना असा. दिवसा कसाबसा जाई, पण आडवं झालं की वन्संच्या छातीत जणू कुणी हातोडा घेऊन बसे. मधली भिंत नावालाच. तीन आठवडे दोघींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. धाकटी चाकासमोर बसल्या बसल्या पेंगू लागली. एकदा बोटाचं टोकच चाकाला लागलं. त्याच संध्याकाळी ती मेडिकलमध्ये गेली. चिठ्ठी लागेल का, असं तिने विचारलं होतं. मेडिकलवाला म्हणाला, खोकल्याच्या औषधाला कसली हो चिठ्ठी? झाकणाने मोजून एक-एक झाकण द्या, तीन वेळा.

गोड, चिकट, गडद लाल औषध. त्या रात्री घर शांत झालं. सकाळी जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलेलं होतं. दोघींनी चहा घेतला. वन्संनी चहाला नाव ठेवलं. धाकटीला वाटलं, सुटलो.

पुढचं सगळं इतकं हळूहळू झालं की कुठून सुरुवात झाली ते बोट ठेवून सांगता आलं नसतं. तोंड सुकतं म्हणून वन्सं सारखं पाणी मागू लागल्या. मग पेपर वाचता येईना. धाकटीने डोळे तपासून नवा चष्मा करून दिला, तरी अक्षरं धूसरच. चालताना तोल जाऊ लागला. संडासात अर्धा-अर्धा तास बसून राहायच्या आणि काही न होता उठून यायच्या. मग एका दुपारी त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. धाकटीने भिंतीवरून हात फिरवून दाखवला, मुंग्या नव्हत्या. वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत पहिल्यांदा काहीतरी वेगळं होतं; आपल्याशी कोण खोटं बोलतंय ते जोखणारी नजर होती ती.

नेहमीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटं तपासलं. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असं विचारलं. वन्संनी वार चुकीचा सांगितला आणि सातचा हिशेब करण्याऐवजी डॉक्टरांना त्यांचाच जुना फोन नंबर म्हणून दाखवला. डॉक्टर बाहेर येऊन धाकटीला म्हणाले, वय झालं, मेंदू झिजतो, हे आता वाढतच जाणार, मनाची तयारी ठेवा. खोकला कसा आहे ते त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. खोकला थांबलेला होता. थांबलेल्या गोष्टीबद्दल डॉक्टरला काय सांगायचं?

मनाची तयारी कशी ठेवतात ते कुणी सांगत नाही. वन्सं रात्री उठून दाराशी खुडबुड करू लागल्या तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं होतं, की औषध दिलं की त्या तास-दोन तासांत शांत पडून राहतात. खोकला उरलाच नव्हता, तरी ती झोपताना एका झाकणाऐवजी दोन झाकणं देऊ लागली. मग सकाळी कामावर जाताना दोन. आपण घरी नसताना म्हातारीने गॅस पेटवू नये, बाहेर जाऊ नये, पडून राहावं, म्हणून. औषध संपलं की नवी बाटली. तिने हे कुणापासून लपवलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. पाणी पाजलं हे कुणी सांगतं का?

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर वन्संनी खिडकीच्या पडद्याच्या दोऱ्या सोडून घेतल्या होत्या. कपाटाच्या कड्यांमध्ये एकेक दोरी अडकवून त्या समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. बंद पडलेल्या जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला होता. धाकटीला पाहून त्यांनी बोट वर करून थांबायला सांगितलं.

"होल्ड करा, जोडून देते," त्या रिसीव्हरमध्ये म्हणाल्या आणि मग तिच्यापुढे तो धरला. "तुझ्या नवऱ्याचा आहे. लवकर घे, लाइन कच्ची आहे."

दुकानात त्या दिवशी मालकाने तिला दोनदा टोकलं होतं. पाय भरून आले होते. तिने पिशवी खाली ठेवली, रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. आत काही नव्हतं, साधी खरखरसुद्धा नव्हती. तरी ती तशीच उभी राहिली, पुष्कळ वेळ. काय म्हणाला, असं वन्संनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, काही नाही, जेवलीस का विचारत होता.

चहात काहीतरी घालते, हे त्यानंतर सुरू झालं. आधी घरात. मग जिन्यात, खालच्या मजल्यावरच्या मावशींना. मग कचरा न्यायला येणाऱ्या बाईला. आणि मग भर मेडिकलमध्ये. वन्संनी ताट दूर सारायला सुरुवात केली. चहाचा कप बेसिनमध्ये ओतू लागल्या. गंमत अशी, की औषध मात्र त्या मुकाट्याने घेत. झाकण ओठाशी लागलं की लहान मुलासारखं तोंड उघडत. औषध म्हणजे औषध, त्यावर कोण संशय घेतो?

खालच्या मावशी धाकटीशी बोलायच्या बंद झाल्या. तिने एकदा जिन्यात त्यांना अडवून, तुम्हाला खरं वाटतं का असं सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, मी कुठे काय म्हणाले? पण म्हातारं माणूस उगाच कशाला बोलेल. धाकटीने लेकीला फोन केला. ती दूरच्या शहरात नोकरीला होती, वर्षातून दोनदा यायची. आई, तू आत्याला काही झोपेचं वगैरे देत नाहीस ना, असं तिने जपून विचारलं. धाकटीने शपथ घेतली. लेक रडली, म्हणाली, मला तसं म्हणायचं नव्हतं, पण तू आता एकटीने किती करशील? तिने एका वृद्धाश्रमाची माहिती काढलेली होती. फॉर्म पाठवते म्हणाली.

फॉर्म आला. धाकटीने तो भरला. 'दाखल करण्याचे कारण' या रकान्यात तिने लिहिलं, स्मृती गेली आहे, घरच्यांना ओळखत नाही. मग पेन थांबलं, कारण वन्सं तिला ओळखत होत्या. पुरेपूर ओळखत होत्या. तिने तो फॉर्म घडी घालून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागली. दुपारी जेवायच्या सुट्टीत येऊन बघून जाई.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. आदल्या दिवशी तिने एका शाळामास्तरांच्या चष्म्यात वीसच्या कोनाऐवजी एकशेवीसचा कोन धरून काच बसवली होती. मास्तर फुटपाथवरून पडता पडता वाचले आणि भांडायला आले. मालक म्हणाला, आत्ताच्या आत्ता दुसरी करून द्या. ती चाकाशी बसली. घड्याळाकडे बघितलं, दोन वाजले होते. जाताना दिलीत दोन झाकणं, झोपल्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

पाच वाजता तिने कुलूप उघडलं तर दार उघडेना. आतून काहीतरी अडत होतं. फटीतून तिला वन्संचा पांढरा हात दिसला. त्या दाराशी आडव्या पडल्या होत्या. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. ओठ सुकून चिरलेले. खालच्या मावशींनी नंतर सांगितलं की अकरा वाजल्यापासून हाका ऐकू येत होत्या. पण हाका काय, रोजच्याच.

धाकटीने दार हळूहळू रेटून अंग आत घातलं आणि जमिनीवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"किती वेळ लावत होते," वन्सं पुटपुटल्या. "लाइन लागतच नव्हती गं."

हॉस्पिटलात कळलं की खुबा मोडलाय. दुसरंही काहीतरी होतं. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालेलं, हात लावू देईनात. नर्सने लघवीसाठी नळी घातली तशी पिशवी भरली, ती बदलून दुसरी लावावी लागली. वॉर्डातली तरुण डॉक्टरीण त्या पिशवीकडे बघत राहिली. मग तिने वन्संच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, तोंड उघडायला लावून जीभ बघितली, कपाळाला हात लावला. वळून तिने धाकटीला विचारलं, काय काय औषधं चालू आहेत?

धाकटीने सगळी औषधं पिशवीत भरून आणलीच होती. ब्लडप्रेशरची गोळी, कॅल्शियमची, पोट साफ व्हायची. डॉक्टरणीने एकेक पाकीट बघून बाजूला ठेवलं.

"आणखी? चिठ्ठीशिवाय आणलेलं काही?"

"नाही."

"नीट आठवा. झोपेचं, सर्दीचं, खोकल्याचं?"

"खोकल्याचं आहे," धाकटी म्हणाली. "पण ते काही औषध नव्हे."

डॉक्टरीण शेजारच्या रिकाम्या कॉटवर बसली. किती दिवस, किती वेळा, किती, असं तिने एकेक विचारलं. धाकटी सांगत गेली. चार महिने. आधी एक झाकण, मग दोन. दिवसातून तीनदा, कधी चारदा. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण डॉक्टरणीचा चेहरा कठोर होत नव्हता, उलट मऊ होत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली.

डॉक्टरीण साध्या शब्दांत बोलली. त्या औषधात खोकला दाबणारं एक द्रव्य असतं आणि सर्दी सुकवणारं एक. तरुण माणसाला नुसती पेंग येते. म्हाताऱ्या माणसाला, त्यातून इतके दिवस इतकं दिलं, तर तोंड सुकतं, नजर धूसर होते, लघवी अडते, तोल जातो. डोक्यात गोंधळ होतो, नसलेलं दिसू लागतं. बंद केलं की बहुतेकदा उतरतं. शेवटी तिने ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट परत हातात घेतलं आणि ही कधीपासून, असं विचारलं. थंडीत बदलून दिली होती, धाकटीने सांगितलं.

"या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो," डॉक्टरीण म्हणाली. "गोळी बदलली असती तर खोकला गेला असता."

"एवढंच?" धाकटीने विचारलं.

"एवढंच."

ती वॉर्डाबाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. चढणारी-उतरणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते तिचं नव्हतंच, ते वन्संचं होतं. ही मला काहीतरी घालते. सगळ्या शहरात एकच माणूस खरं बोलत होतं, आणि त्याच माणसाला आपण वेडं ठरवलं. ती रडली नाही. रडायचा हक्क असावा लागतो.

घरी जाऊन तिने उरलेली बाटली घेतली आणि कामाचं भिंग लावून तिच्यावरचा कागद वाचला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. डोळ्याच्या डॉक्टरांची अक्षरं लावण्यात जिचा जन्म गेला, तिने चार महिन्यांत हा कागद एकदाही डोळ्यांसमोर धरला नव्हता. वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, असं लिहिलेलं होतं. जास्त दिवस घेऊ नये, असंही. बाटली घेऊन ती मेडिकलमध्ये गेली. भांडायचं ठरवून गेली होती. मेडिकलवाल्याने सगळं ऐकून घेतलं. खरं तर त्याचाही चेहरा उतरला. तरी म्हणाला, ताई, मी एक झाकण सांगितलं होतं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने वडिलांसाठी तेच लाल औषध मागितलं. खोकला कशाने येतोय ते आधी डॉक्टरला विचारा, असं ती त्याला म्हणाली. माणसाने तिच्याकडे विचित्र नजरेने बघितलं आणि बाटली घेऊन तो गेला.

खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे पाच-सहा दिवस वन्संना काही कळत नव्हतं. त्या हातातल्या सुया उपटायच्या, छताकडे बघून नंबर म्हणायच्या. कदाचित हा गोंधळ उतरणारही नाही, असं डॉक्टरीण एकदा बोलून गेली. धाकटी रजा टाकून कॉटशेजारी बसून होती. लेक आली होती. तिला सगळं कळल्यावर तीही जिन्यावर जाऊन बसून आली. मग आईला म्हणाली, आत्याला यातलं काही सांगू नकोस. तिला आठवणारही नाही. तू मुद्दाम केलं नाहीस. सांगून कुणाचं भलं होणार आहे?

नवव्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या टेबलावर फोन वाजला. नर्सने उचलून, हां, कोण, असं म्हटलं आणि ठेवून दिला. कॉटवरून स्वच्छ, कोरडा आवाज आला.

"आधी वॉर्डाचं नाव सांगावं. मग नमस्कार. मग विचारावं कोण बोलतंय. हां कोण काय, म्हैस हाकताय का?"

नर्स हसली. धाकटी कॉटचा गज धरून उभी राहिली. वन्संनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. तीच नजर, एकतीस वर्षांपूर्वीची. किती वाळलीस गं, असं त्या म्हणाल्या.

लेकीचं ऐकायचं असं धाकटीने दोन दिवस ठरवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात झोपाझोप असताना तिने सांगून टाकलं. सगळंच. खोकल्याचं, झोपेसाठी आसुसल्याचं, एका झाकणाची दोन झाकणं का केली त्याचं, कुलपाचं, फॉर्मचं. वन्संनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"म्हणजे मी वेडी नव्हते," सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"मला वाटायचं, चहात आहे."

"औषधात होतं, वन्सं."

त्यांनी डोळे मिटले. कोपऱ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी धाकटीचा हात शोधला आणि तिच्या बोटाच्या टोकावरून, चाकाला लागून जून झालेल्या जखमेवरून, अंगठा फिरवला. धाकटीला वाटलं, माफी मिळाली. खरोखर मिळालीच होती. माफी मिळाल्याने सगळं मिटत नाही, हे तिला संध्याकाळी कळलं. तिने घरून करून आणलेला चहा थर्मासमधून कपात ओतला. वन्संनी कप हातात घेतला, ओठांशी नेला. मग तसाच खाली ठेवला. म्हणाल्या, गरम आहे. अर्ध्या तासाने तो गार झाला तेव्हा म्हणाल्या, गार झाला. नर्सने आणलेला हॉस्पिटलचा पांचट चहा मात्र त्या काही न बोलता प्यायल्या. त्याला त्यांनी नावही ठेवलं नाही.

असं आठ दिवस चाललं. धाकटीने डबा आणायचा आणि तो तसाच परत न्यायचा. घरी सोडायच्या आदल्या दिवशी वन्संनीच विषय काढला. वॉकर धरून चार पावलं टाकता येत होती, त्याहून जास्त कधी येतील असं कुणी म्हणत नव्हतं. त्यांनी विचारलं, तो फॉर्म कुठे आहे?

फाडला, असं धाकटीने खोटंच सांगितलं.

"दुसरा आणव. मी सही करते." मग तिचा चेहरा पाहून त्या हळू बोलल्या. "ऐक. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित तीन झाकणं दिली असती. डोक्याला सगळं कळतं, धाकटे. घशाला कळत नाही. तू पुढे केलंस की घसा मिटतो. मी काय करू?"

"थोडे दिवस जाऊ द्या. आपोआप—"

"तोवर तू रोज भरलेला डबा बेसिनमध्ये ओतणार, आणि मी ते बघणार. नको."

कारणाचा रकाना त्यांनी स्वतः भरला. स्वेच्छेने, असा एकच शब्द लिहिला. आणि नावापुढे वळणदार सही केली.

जागा त्यांनी धाकटीच्या नावावर केली. तिने नको म्हणून पाहिलं, तर, मग मी गेल्यावर कोण राहणार, मुंग्या? असं म्हणाल्या. गल्लीत व्हायचं तेच झालं. म्हातारीला घालवली आणि घर घेतलं, असं बोललं गेलं. धाकटीने खुलासा केला नाही. करायचा म्हटला तर कुठून सुरुवात करणार? शिवाय निम्मं खरंच होतं.

लाल औषध बंद झाल्यावर उलटलेला खोकला मात्र गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांत गेला.

आता ती दर सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आश्रमात जाते. तळमजल्यावर, जिन्याशेजारी वन्संची खोली आहे. दोन कॉटा, दोन टेबलं, एक खिडकी. दुसऱ्या कॉटवरच्या बाईंना ऐकू येत नाही, त्यामुळे बोलायला मोकळीक असते. गेल्या खेपेला तिने नवा चष्मा करून नेला होता. काच तीन-तीनदा तपासलेली. वन्संनी तो तिच्या हातून घेतला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पेपरातली सगळ्यात बारीक जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. छान लागला म्हणाल्या. लेकीची चौकशी केली, मालकाची केली, खालच्या मावशींचे गुडघे कसे आहेत विचारलं. हसल्याही. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला तेव्हा धाकटी उठली आणि टेबलावरच्या जगमधलं पाणी तिने पेल्यात ओतलं.

पाणी आश्रमाचं होतं, जगही आश्रमाचा. नुसता ओतणारा हात तिचा होता.

वन्संचा हात पुढे आला. पेल्यापर्यंत आला, त्याच्या कडेला बोटं लागलीसुद्धा. मग तो तिथून वळला आणि त्यांनी मांडीवरची चादर सारखी केली. राहू दे, मग पिते, असं त्या म्हणाल्या. धाकटी बरं म्हणाली. दोघी पुन्हा बोलायला लागल्या. लेकीला बढती मिळाल्याचं, दुकानात नवं यंत्र येणार असल्याचं, ते आलं की हाताने काच घासायला कुणी लागणार नाही याचं.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. धाकटीने पिशवी उचलली, वन्संच्या खांद्यावरची शाल सावरली. मग भरलेला पेला घेऊन ती मोरीपाशी गेली. पाणी ओतून तिने तो विसळला, आतून-बाहेरून पुसला आणि जगशेजारी पालथा घालून ठेवला.